बिल्डरचं ऑफिस किती पक्कं? पुनर्विकासाआधीच्या तपासणीचा क्रम आणि खर्च

सोसायटीच्या हॉलमध्ये सहा विकासकांची सादरीकरणं संपली की सभासदांच्या वहीत साधारण चार रकाने भरलेले असतात. जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, महिन्याचं भाडं किती आणि इमारत किती दिवसांत. चारही आकडे विकासकाने स्वतःच सांगितलेले. ते पाळायची ताकद त्याच्या संस्थेत आहे का, हा रकाना वहीत नसतोच. मग सर्वांत मोठ्या आकड्याला पसंती मिळते आणि तीन वर्षांनी त्या हॉलच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा दिसतो.

फटका किती मोठा असतो ते आधी मांडू. चाळीस सदनिकांची सोसायटी धरा, भाडं दरमहा ३५ हजार. विकासकाने भाडं थांबवलं तर सभासदांच्या खिशातून महिन्याला १४ लाख जातात, वर्षाला १ कोटी ६८ लाख. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ सालचा. काम अर्धवट राहिलं, भाडं मधेच बंद झालं, विकासक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०१८मध्ये म्हाडाने करार रद्द केला आणि उरलेलं काम स्वतःकडे घेतलं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. नव्या इमारतीत विकतचा फ्लॅट घेणाऱ्याला महारेराचं दार सरळ उघडं असतं. मूळ सभासदाचा भाड्याचा किंवा कॉर्पसचा वाद मात्र अनेकदा दिवाणी न्यायालयात किंवा लवादाकडे जातो. म्हणून त्याने सहीआधी जास्त तपासायला हवं, आणि तोच सर्वांत कमी तपासतो.

ही तपासणी महाग नाही. ती योग्य क्रमाने केली तर चाळीस घरांच्या सोसायटीला तीन लाखांच्या आत पडते, म्हणजे घरटी साडेसात हजार. क्रम चुकला तर हाच खर्च तिप्पट होतो आणि हाती एक जाडजूड, गुळगुळीत अहवाल येतो, ज्यात काहीच नसतं.

नेमकं काय मोजायचं

बांधकाम कंपनीची संस्था म्हणून किती तयारी आहे हे मोजायची एक रीत आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी पाच पायऱ्यांची शिडी तयार केली. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती बांधकामाला लावली आणि ‘स्पाइस’ नावाची पद्धत आणली. पहिल्या पायरीवर काम होतं, पण एखाद्या माणसाच्या जिवावर. दुसरीवर प्रत्येक प्रकल्पाचं नियोजन, प्रगती, उपकंत्राटदार, मधले बदल, सुरक्षितता आणि जोखीम यांची नोंद राहते. तिसरीवर सगळ्या साइटना कंपनीची एकच पद्धत लागू असते. चौथीवर त्या पद्धतीची मोजमापं घेतली जातात आणि पाचवीवर त्या मोजमापांवरून सुधारणा होते. मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, हा या शिडीचा नियम.

आपल्याकडचे कितीतरी नावाजलेले विकासक पहिल्या पायरीवर आहेत. शेठ हुशार, महापालिकेत ओळखी पक्क्या, सिमेंटवाला त्यांच्या शब्दावर माल देतो. पण शेठ पंधरा दिवस आजारी पडले की साइटवर शटरिंग तसंच उभं. सोसायटीला एवढंच शोधायचं आहे की समोरचा दुसऱ्या पायरीवर आहे का. तिसरीवर असला तर नशीब. चौथ्या-पाचव्या पायरीचा शोध घ्यायला सल्लागार नेमू नका, ते पैसे वाया जातात.

पहिला टप्पा: पाच हजारांच्या आत

सुरुवात फुकटच्या तपासणीने करायची आणि ती सहाही विकासकांवर करायची. कमिटीतल्या दोन माणसांनी लॅपटॉप घेऊन तीन-चार संध्याकाळी बसायचं काम आहे. निवृत्त बँकवाले किंवा अकाउंट्समधले सभासद प्रत्येक सोसायटीत असतातच, त्यांना गाठा.

महारेराच्या संकेतस्थळावर विकासकाचे नोंदलेले प्रकल्प दिसतात. प्रत्येकाची मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख शेजारी-शेजारी लिहून काढा. एखाददुसरी मुदतवाढ कोणाच्याही प्रकल्पात सापडेल, तिने घाबरू नका. एकूण एक प्रकल्पाला मुदतवाढ असेल तर ती त्या ऑफिसची सवय समजा. तिमाही प्रगतीची माहिती वेळेवर भरलेली आहे का, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं सलग आहेत का, तक्रारी किती, वसुलीचे वॉरंट निघालेत का, हे तिथेच कळतं. प्रगती ६५ टक्क्यांवर चार तिमाह्या अडकलेली दिसली तर ती साइट प्रत्यक्ष बघायच्या यादीत टाका.

पुढचं पान भविष्य निर्वाह निधीचं. त्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला भरले आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरले ते दिसतं. ब्रोशरमध्ये ३०० जणांची टीम आणि चलनात ९ माणसं, अशी तफावत इथे उघडी पडते. मात्र लगेच निकाल देऊ नका. कर्मचारी भगिनी कंपनीच्या पगारपत्रकावर असू शकतात आणि मजूर ठेकेदाराच्या नावावर असतात. साइट इंजिनिअर, खरेदीवाला आणि बिलिंगवाला कोणत्या कंपनीच्या पटावर आहेत, एवढं विचारा. त्या कंपनीचं पान उघडून बघा. पैसे भरायच्या तारखा महिन्यामहिन्याला पुढे सरकत असतील तर तिथे रोकड आटते आहे.

जीएसटीच्या संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक टाकला की विवरणपत्रं कधी भरली ते कळतं. ई-कोर्ट्सवर आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव टाकून खटले बघायचे. सिमेंट-स्टीलच्या पुरवठादाराने थकबाकीसाठी दिवाळखोरीचा अर्ज केला असेल तर तो कुठल्याही ग्राहक तक्रारीपेक्षा जास्त बोलका असतो. पतमानांकन झालेलं असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर यांचे कारणमीमांसेचे कागद फुकट मिळतात. त्यात कंपनी ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा दिसला, तर विकासकाने मानांकन संस्थेला माहिती द्यायचं बंद केलं आहे. जो तिला देत नाही तो तुम्हाला काय देणार?

आता थोडे पैसे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती आणि तिच्या मालमत्तेवरच्या कर्जबोजाची यादी फुकट असते. ताळेबंद आणि इतर दाखल कागद बघायला कंपनीमागे १०० रुपये लागतात आणि तीन तास मिळतात. त्या तीन तासांत सगळं उतरवून घ्या. त्यात ताळेबंदाइतकाच महत्त्वाचा एक कागद सहसा कोणी उघडत नाही, तो म्हणजे ऑडिटरच्या राजीनाम्याचा एडीटी-३ फॉर्म. मुदत संपायच्या आधी ऑडिटर सोडून गेला असेल तर का गेला, हा प्रश्न मुलाखतीसाठी लिहून ठेवा. गहाणखताची केंद्रीय नोंद म्हणजे सेरसाई; तिथल्या एका शोधाचे १० रुपये आणि वर कर. नोंदणी विभागाच्या मोफत शोधात जुन्या प्रकल्पांचे इंडेक्स-टू बघून आधीच्या सोसायट्यांशी झालेले करार नोंदवले गेले का, ते कळतं.

उरला माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १० रुपयांचा, प्रत पानामागे २ रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. महापालिकेकडे मागायचं ते असं: अमुक प्रकल्पाला काम थांबवण्याची नोटीस कधी दिली, भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या तारखेला दिलं, भाग भोगवटा असेल तर पूर्ण का नाही. तीस दिवस लागतात, म्हणून हा अर्ज सर्वांत आधी टाका आणि तोवर बाकीची पानं उघडत बसा.

सहा विकासक, प्रत्येकाच्या तीन कंपन्या धरल्या तर मंत्रालयाचे १,८०० रुपये. सेरसाई, माहिती अधिकार, झेरॉक्स, प्रिंट सगळं धरून पाच हजार ओलांडत नाहीत. एवढ्यात सहाचे दोन होतात.

करार नेमका कोणाशी?

इथे बहुतेक सोसायट्या फसतात, म्हणून जरा थांबू. सादरीकरणाला मोठं नाव येतं, वीस टॉवरचे फोटो येतात. कराराच्या मसुद्यात मात्र आठ महिन्यांपूर्वी जन्मलेली एलएलपी असते. भागीदार दोन, भांडवल एक लाख. कायद्याने यात काही गैर नाही. एका प्रकल्पाचं कर्ज दुसऱ्यावर येऊ नये म्हणून वेगळी एलएलपी काढणं हा रास्त व्यवहार आहे, आणि बँकाही बऱ्याचदा तसंच मागतात. पण मग अनुभव, मानांकन, तीस वर्षांचा लौकिक हे सगळं दुसऱ्या संस्थेचं. तुमच्या कराराला बांधलेली संस्था कोरी.

तपासणी दोघांची करायची: नावाची आणि एलएलपीची. मसुद्यात मूळ कंपनीची हमी मागायची, आणि ती देणाऱ्या कंपनीचा संचालक मंडळाचा ठराव सोबत जोडून घ्यायचा. ठरावाशिवाय दिलेली हमी पुढे वकिलांना वाद घालायला उपयोगी पडते, सोसायटीला नाही. ‘आमच्या नावावरच विश्वास ठेवा’ असं ऐकू आलं तर तेच नाव हमीच्या कागदावर का नको, असं शांतपणे विचारा.

बँक गॅरंटीचंही तसंच. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ला निघालेल्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीचा उल्लेख आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्देश मार्गदर्शक मानले आहेत, त्यामुळे विकासक घासाघीस करतात आणि सोसायट्या टक्केवारीत खाली येतात. किती खाली यायचं हे तुम्ही ठरवा. पण त्याची बँक गॅरंटी द्यायला सहज तयार आहे का, यातूनच बँकेचं त्याच्याबद्दलचं मत कळतं, आणि ते मत तुम्हाला फुकट मिळतं. गॅरंटीचा कागद हातात आल्यावर तो देणाऱ्या शाखेत स्वतः जाऊन खात्री करा. शिवाय बँकाबँकांतल्या एसएफएमएस संदेशाने तो सोसायटीच्या बँकेत पोचला का, तेही बघा. बनावट गॅरंट्यांची प्रकरणं अधूनमधून उघडकीस येतात. ही खातरजमा करायला वेळ सोडून काही लागत नाही.

दुसरा टप्पा: दोघांवरच खर्च

आता पैसे मोजून माणसं लावायची. ती उरलेल्या दोनच विकासकांसाठी. खालचे आकडे मुंबई-पुण्यातल्या मध्यम सोसायटीने बजेटला धरायचे, हे दरपत्रक नव्हे. नाशिक, कोल्हापुरात कमी पडेल. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या फर्मकडे गेलात तर कितीतरी जास्त. तीन कोटेशन घ्याच.

सीएने तीन वर्षांचे ताळेबंद आणि रोख प्रवाह वाचून चार पानी मत द्यायचं, यासाठी विकासकामागे ४० हजार धरा. सीएला काम नेमकं सांगा, नाहीतर तो गुणोत्तरांची कोष्टकं भरून देईल. त्याला तीन प्रश्न द्या. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्यात फिरतो का? भगिनी कंपन्यांना दिलेली बिनव्याजी कर्जं किती? पुरवठादारांची देणी विक्रीच्या मानाने वाढताहेत का? रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या पैशाचे ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तरी पुनर्विकासातलं भाडं, कॉर्पस आणि सुरुवातीचं बांधकाम विक्री सुरू व्हायच्या आधी येतं. तो पैसा कुठून येणार, हे सीएने शोधायचं.

वकिलाने खटल्यांचा शोध आणि आधीच्या दोन विकास करारांचं वाचन करायचं: विकासकामागे ६० हजार. इंजिनिअरने चालू साइट आणि दोन-तीन वर्षं जुनी इमारत अशा दोन भेटी द्यायच्या: भेटीमागे १० हजार. दोन विकासकांचा हिशेब असा. सीए ८० हजार, वकील १ लाख २० हजार, इंजिनिअर ४० हजार, मिळून २ लाख ४० हजार. सीए आणि इंजिनिअरच्या १ लाख २० हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१,६००. पहिल्या टप्प्याचे पाच हजार मिळवले की एकूण २ लाख ६६ हजार ६००. चाळीस घरांत वाटलं तर घरटी पावणेसात हजारांच्या आत. उरलेलं गाडीभाडं आणि चहापाणी.

दहा-बारा घरांच्या सोसायटीने वकील आणि इंजिनिअर ठेवावेत, सीएच्या जागी एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला बसवावं.

साइटवर काय बघायचं

इंजिनिअर सोबत असला तरी कमिटीच्या दोघांनी जायलाच हवं, आणि आधी कळवून जायचं नाही. सॅम्पल फ्लॅट बघू नका. साइट ऑफिसात बसा आणि क्यूब रजिस्टर मागा.

काँक्रीट ओतताना त्यातलं थोडं १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यात भरून ठोकळे करतात, ते पाण्यात ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी दाबून फोडतात. किती नमुने घ्यायचे हे आयएस ४५६ मध्ये सांगितलं आहे. ५० घनमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने एक ते चार, त्यापुढे प्रत्येक ५० घनमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक जास्त, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. समजा स्लॅब १२० घनमीटरचा आहे. चार आणि दोन मिळून सहा नमुने, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी अठरा ठोकळे. ७ दिवसांचे वेगळे. रजिस्टरमध्ये त्या स्लॅबसमोर सहाच ठोकळे असतील तर साइट इंजिनिअरला विचारा, आणि उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा त्याचा चेहरा बघा.

मग आकडे वाचा. एका नमुन्यातल्या तीन ठोकळ्यांची ताकद त्यांच्या सरासरीच्या १५ टक्के इकडे-तिकडे असू शकते. खरं काँक्रीट तेवढं हलतंच. एम-३० प्रतीच्या काँक्रीटच्या पानावर ३८.१, ३८.२, ३८.० असे आकडे वर्षभर एका रांगेत उभे असतील तर ते ठोकळे कदाचित कधी फुटलेच नाहीत. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसतात का तेही बघा. रजिस्टर हातात घेऊन कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे जा. तिथे बुडवलेल्या ठोकळ्यांवर ओतल्याची तारीख रंगवलेली असते. गेल्या दोन आठवड्यांतल्या तारखा रजिस्टरशी जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण एवढ्यात त्या कंपनीची पायरी कळते.

दुसरं मागायचं ते दोष नोंदवही, साइटवर ‘एनसीआर’ म्हणतात ती. चुकीचं शटरिंग, कमी पडलेलं कव्हर, परत पाठवलेला स्टीलचा लॉट, असं काय काय नाकारलं आणि नंतर काय केलं, ते त्यात असायला हवं. वही कोरी असेल तर साइट निर्दोष आहे असं मुळीच समजू नका. दोष सगळीकडे होतात. कोऱ्या वहीचा अर्थ एवढाच की तिथे दोष लिहायची पद्धत नाही, किंवा लिहिणाऱ्याला बोलणी बसतात. माझ्या मते चाळीस नोंदी असलेली आणि त्यातल्या छत्तीस निकाली काढलेली फाटकी वही लॅमिनेट केलेल्या गुणवत्ता धोरणाहून कितीतरी भरवशाची.

तिसरं, मागच्या सोमवारचा प्रगती अहवाल. ‘ईमेल करतो’ म्हणाले तर ‘आत्ता स्क्रीनवर दाखवा’ म्हणा. ठरल्यापेक्षा किती मागे आहोत हा रकाना त्यात आहे का? नियोजन करणारी कंपनी आपण मागे पडल्याचं लिहून ठेवते. न करणारी कायम शंभर टक्के वेळेवर असते, भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवसापर्यंत.

आणि मुकादमाशी बोला, ऑफिसातल्या माणसांना सोबत न घेता. आठवड्याचा खर्ची पैसा कोणत्या वारी मिळतो, गेल्या दोन महिन्यांत चुकला का, एवढंच विचारा. ताळेबंद वर्षाने येतो, मुकादम आजचं सांगतो.

जुन्या इमारतीत सेक्रेटरींना भेटा, विकासकाने सुचवलेल्या सभासदाला नव्हे. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन महिन्यांत अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. दोन्ही झालं का ते विचारा. पहिल्या पावसाळ्यात गळती झाली तेव्हा फोन कोणी उचलला? शेठने स्वतः उचलला असेल तर माणूस चांगला आहे, पण ऑफिस पहिल्या पायरीवर. तक्रार क्रमांक मिळाला आणि वॉटरप्रूफिंगवाला चौथ्या दिवशी आला, असं ऐकलं तर ऑफिस दुसरीवर.

आयएसओची पाटी आणि पीएमसीची फी

आयएसओ ९००१चं प्रमाणपत्र बऱ्याच रिसेप्शनमध्ये टांगलेलं असतं. कोणत्याही मान्यतेशिवाय प्रमाणपत्र विकणारे बाजारात भरपूर आहेत, तेव्हा चौकटीवर भाळू नका. देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मंडळाची मान्यता आहे का आणि प्रमाणपत्र चालू आहे का, ते आयएएफ सर्टसर्चवर फुकट बघता येतं. त्यावर लिहिलेला पत्ता आणि कामाची व्याप्तीही वाचा. कधीकधी प्रमाणपत्र फक्त मुख्य ऑफिसचं असतं, साइट त्यात नसतातच. खरं प्रमाणपत्र असेल तर चांगलं. नसेल म्हणून नाकारू नका. मालक, एक इंजिनिअर, एक हिशेबनीस आणि चार नीट भरलेली रजिस्टरं, एवढ्यावर दुसरी पायरी चढलेले छोटे विकासक आहेत, आणि लहान सोसायटीला बऱ्याचदा तेच परवडतात.

प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे पीएमसी, ही वेगळीच भानगड. फीचा काही भाग सोसायटी सुरुवातीला देते आणि मोठा भाग नेमलेल्या विकासकाकडून वसूल होतो, अशी रीत पडली आहे. सोसायटीला ती स्वस्त वाटते. पण विकासक नेमला गेला नाही तर ज्याला पूर्ण फी मिळणार नाही, तो ‘दोघंही नाकारा’ असं सांगेल का? म्हणून वरच्या तपासणीतले सीए, वकील आणि साइट बघणारा इंजिनिअर यांना पीएमसीपासून वेगळं ठेवा आणि सोसायटीच्या खात्यातून चेक द्या. तीन लाखांचा हा खर्च विशेष सर्वसाधारण सभेत आधी मंजूर करून घ्या, ठरावात रक्कम लिहा. नंतर ‘कमिटीने पैसे उधळले’ म्हणणारा एक सभासद निघतोच.

निविदा अर्जातच चार अटी घाला: अघोषित साइट भेट मान्य, क्यूब आणि दोष नोंदवही दाखवायची तयारी, कर्जदात्या बँकेशी बोलायला लेखी परवानगी, मूळ कंपनीची हमी. ज्यांना चालणार नाही ते अर्ज करणार नाहीत आणि पहिल्या टप्प्याचं निम्मं काम वाचेल. स्वयंपुनर्विकास करणाऱ्यांनी हेच सगळं ठेकेदारावर लावायचं. तिथे वकिलाची फी कमी होते आणि इंजिनिअरच्या भेटी वाढतात.

करारावर सह्या झाल्यावरही फाइल बंद करू नका. एलएलपीचा आर्थिक विवरणाचा फॉर्म ३० ऑक्टोबरपर्यंत आणि कंपनीचे ताळेबंद साधारण त्याच सुमारास दाखल होतात. तेव्हा दरवर्षी डिसेंबरात शुल्क भरून दोन्ही बघायचे. कर्जबोजाची यादी, भविष्य निर्वाह निधीच्या तारखा आणि महारेराची तिमाही पानं दर तीन महिन्यांनी फुकट बघायची. हे काम सेक्रेटरींवर न टाकता ठरावाने एका सभासदाला नेमून द्या. भाड्याचा पहिला चेक परत येण्याआधी या पानांवर गडबड दिसू लागते, आणि बँक गॅरंटीची मुदत संपत आली असेल तर ती वठवायला अजून वेळ असतो.